तीन मिनिटांचा दिवा

२ सप्टेंबर, सोमवार

दिवा मालवण्याआधी विचारावं, कुणी आहे का.

आई हे म्हणायची तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. ती बाकोलोदच्या एका शाळेत झाडलोट करायची. संध्याकाळी वर्ग बंद करताना प्रत्येक दारात थांबून विचारायची, कुणी आहे का, आणि मगच बटण दाबायची. समोर रिकामे बाक दिसत असायचे, तरी विचारायचीच. माझ्या वर्गातल्या मुली तिची नक्कल करायच्या आणि मी त्यांच्याबरोबर हसायचे. आज दिव्यांच्याच नोकरीवर रुजू झाले आणि सगळ्यांत आधी तिचं हे वाक्य आठवलं.

सकाळच्या बोटीने आले. समुद्र शांत होता. धक्क्यावर रुग्णालयाची गाडी उभी होती आणि गाडीत माझ्यासाठी गरम पावांची पुडी. झेंडावंदनानंतर संचालिका डॉक्तोरा साराबिया यांनी माझी ओळख करून दिली. या मॅम एल्वी, आपल्या ऊर्जा व्यवस्थापक, नाताळपर्यंत आपला विजेचा वापर सहाव्या हिश्श्याने कमी करून दाखवणार आहेत. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, म्हणजे आम्ही काळोखात सुया टोचायच्या का? सगळे हसले, मीही हसले.

आवार मोठं आहे. मुख्य इमारत, बाळंतिणींचा विभाग, नर्सिंग कॉलेज, धुलाईघर, शवागार, वसतिगृह. मला वसतिगृहात कोपऱ्यातली खोली मिळाली आहे. खिडकीबाहेर आंब्याचं झाड. सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी नोकरी, नवं गाव. बरं वाटतंय.

६ सप्टेंबर

चार दिवस नुसती फिरतेय. बरोबर सगळ्यांचे दादा, नोंग ओसिंग असतात, इथले सर्वांत जुने वायरमन. त्यांचं तोंड त्यांच्या पक्कडीपेक्षा जास्त चालतं. माझ्या आधीच्या साहेबांनी नर्सेसचा भाताचा कुकर जप्त केला होता म्हणे. तेव्हापासून त्या साहेबांना कुठल्याही वॉर्डात कॉफी मिळाली नाही आणि ते सहा महिन्यांत बदली मागून गेले. नोंग म्हणाले, मॅम, काय वाट्टेल ते बंद करा, कुकरला हात लावू नका.

वाया जाणारी वीज शोधायला फार कष्ट पडत नाहीत. बाह्यरुग्ण विभागात एसी इतका थंड की लिहून घेणाऱ्या मुली स्वेटर घालून बसतात आणि ऊब यावी म्हणून खिडकी उघडी ठेवतात. धुलाईघरात वाफेचा नळ गळतो. तिथल्या बाया त्या वाफेवर मका उकडून घेतात, त्यामुळे तक्रार कुणीच केलेली नाही. कॉलेजचे सगळे पंखे रविवारीही फिरत होते. आणि सप्टेंबर लागला की नाताळ आलाच, म्हणून प्रत्येक वॉर्डाने नाताळचे कंदील टांगले आहेत, लुकलुकणारे, एकाहून एक मोठे. कंदील बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. बारीक दिव्यांचे लावा एवढंच म्हटलं, तर बाळंतिणींच्या वॉर्डातल्या नर्सने मला शिऱ्याएवढा गोड भात खाऊ घातला आणि कंदील होता तसाच ठेवला.

१६ सप्टेंबर

डोळे बसवायला सुरुवात झाली. नोंग ओसिंगच त्यांना डोळे म्हणतात. खोलीच्या छताला एक पांढरी वाटी, आत माणूस असला की दिवा आणि पंखा चालू, दहा मिनिटं कुणी नसलं की बंद. शेजारी छतातच एक डबी, ती सगळ्याची नोंद ठेवते आणि माझ्या टेबलावरच्या संगणकाकडे पाठवते. कुठली खोली भरलेली, कुठली रिकामी, सगळं एका पडद्यावर दिसतं.

नोंग शिडीवरून म्हणाले, मॅम, एक ध्यानात ठेवा, याला माणूस दिसत नाही, हालचाल दिसते. माझे सासरे या खोलीत बसले असते तर याने त्यांना केव्हाच रिकामं ठरवलं असतं.

दर सोमवारी झेंडावंदनाला सर्वांत कमी वीज वापरणाऱ्या वॉर्डाला निळं निशाण द्यायचं अशी माझी कल्पना. डॉक्तोरांनी वर जोड दिली, नाताळला जो पहिला त्याला अख्खं भाजलेलं डुक्कर. आता नर्सेस एकमेकींच्या वॉर्डात डोकावून दिवे मोजतात.

८ ऑक्टोबर

तिसऱ्या वॉर्डात गेले होते. टोकाला पूर्वी चादरी ठेवायची कोठी होती, खिडकी नसलेली. खाटा कमी पडतात म्हणून तिथे एक रुग्ण ठेवतात. सध्या तिथे जुवी आहे. सव्वीस वर्षांची, बाजारात सुकी मासळी विकायची. पंधरा दिवसांपूर्वी पायाच्या बोटांना मुंग्या आल्या, मग पाय गेले, मग हात, आता छातीही काम करत नाही. नर्स मारिविकने सांगितलं की हा आजार पायांकडून वर चढतो आणि बरेचदा उतरतोही, फक्त तोवर श्वास टिकवायला हवा. श्वासाची यंत्रं सगळी भरलेली आहेत. जुवी रांगेत तिसरी आहे. तोवर घशातल्या नळीला हवेचा रबरी फुगा जोडलाय आणि तो तिची आई दाबते. मिनिटाला बारा वेळा. रात्री भाऊ असतो. दिवसभर आईच.

मी आत उभी राहून बोलत होते आणि दिवा गेला. खाटेभोवतीच्या कापडी पडद्यामागून बोटांची हालचाल त्या वाटीला दिसत नाही. नानाय तासिंगने, म्हणजे जुवीच्या आईने, फुग्यावरचा एक हात काढून डोक्यावर उंच हलवला. दिवा आला. त्या एका क्षणात नळी जराशी ओढली गेली आणि जुवीची छाती थांबली. मग पुन्हा चालू. नानाय सवयीने करत होती.

मी म्हटलं, अहो नानाय, हे असं सारखं करावं लागतं? ती हसली. चालतंय की, मॅम. तेवढाच हाताला व्यायाम. आणि मला बसा म्हणाली. पानात बांधलेला चिकट भात पुढे केला, तोही फुगा न सोडता, कोपराने.

जुवीला सगळं कळतं. फक्त डोळे हलतात. ती छतावरच्या वाटीकडे पाहत होती, मग माझ्याकडे.

मी नानायला म्हटलं, आजच नोंगना सांगून इथे साधं बटण लावून घेते. ती म्हणाली, देव तुझं भलं करो, इंदाय, माझ्या पोरी.

९ ऑक्टोबर

मनिलाहून पाहणी समिती सोमवारी येतेय. डॉक्तोरांनी बोलावून घेतलं. बचत चांगली आहे पण डोळ्यांत भरत नाही, म्हणाल्या. मला मनातल्या मनात सुचलं की दहा मिनिटांऐवजी तीन मिनिटांनी दिवे बंद झाले तर आकडा लगेच खाली येईल. परत येऊन टेबलावरून एका बटणात सगळं आवार तीन मिनिटांवर आणलं. उपयोग झाला. दुपारपर्यंत रेघ सुंदर खाली आली.

नोंग आज जनित्राच्या खोलीत होते, भेटले नाहीत.

११ ऑक्टोबर

जुवी काल गेली. दुपारी.

मला आज सकाळी कॉफीच्या रांगेत कळलं. पुढे उभ्या दोघी बोलत होत्या. नळी फुग्यापासून निसटली होती म्हणे आणि आई तशीच दाबत बसली होती. काळोखात. हवा खोलीत जात होती. तीन वाजता पाळी बदलताना मारिविक आत गेली, दिवा लागला, तेव्हा दिसलं. आई अजून दाबतच होती. तिने वर पाहून विचारलं, वाजले किती?

मी कॉफी न घेता परत आले.

मी नोंगना सांगितलं नव्हतं. आजच सांगते म्हटलं होतं आणि सांगितलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

नोंदी पाहिल्या. ९ तारखेच्या सकाळपासून त्या खोलीचा दिवा दर तीन मिनिटांनी जातो आणि लगेच येतो. जातो, येतो. तासाला वीस वेळा. दीड दिवस. प्रत्येक वेळी नानायचा, रात्री भावाचा, हात वर गेला आहे, प्रत्येक वेळी नळी ओढली गेली आहे. मग १० तारखेला दोन वाजून एकतीस मिनिटांनी दिवा जातो आणि येत नाही. तिने हात हलवणं सोडून दिलं असणार. नळी सारखी ओढली जाते, त्यापेक्षा काळोख बरा, असं तिला वाटलं असणार. तीन वाजून बारा मिनिटांनी मारिविक.

मध्ये माझ्या संगणकाने आपणहून लिहिलंय: एकेचाळीस मिनिटं, खोली रिकामी, बचत.

दोघीजणी आत होत्या.

मी सगळ्या आवाराची वेळ पुन्हा दहा मिनिटं केली. मग त्या खोलीच्या नोंदी पुसल्या. 

१४ ऑक्टोबर, सोमवार

निळं निशाण तिसऱ्या वॉर्डाला मिळालं. आकडे मीच वाचून दाखवले. निशाण घ्यायला मारिविक आली नाही, तिला घरी बसवलंय. दुसरीच कुणी आली आणि टाळ्या तेवढ्याच वाजल्या. समितीतल्या एका गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

१८ ऑक्टोबर

चौकशी झाली. टेबलाभोवती पाचजण. डॉक्तोरांनी मला विचारलं, दिवे किती वेळ राहतात? मी म्हटलं, दहा मिनिटं. मी बोलले त्या क्षणी ते खरं होतं.

मारिविकने सांगितलं की त्या दुपारी बासष्ट रुग्णांमागे ती एकटी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मला दोष देईल अशी मी वाट पाहत होते, पण तिला ठाऊकच नाही. तिचा नर्सिंगचा परवाना जाणार असं सगळे म्हणतात. दोन मुलं आहेत तिला. अंतिम सुनावणी १५ नोव्हेंबरला.

मग नानाय तासिंगला बोलावलं. दिव्याची काही अडचण होती का, असं विचारलं तर तिने मान हलवली. नाही, चालत होतं. मारिविकचा दोष नाही, ती बिचारी पळत होती. माझाच हात मेला. लेकीला मी मारलं.

बाहेर बाकावर ती माझ्या शेजारी बसली आणि तिनेच माझी समजूत घातली. रडू नको, इंदाय. तू तर बटण लावून देणार होतीस.

आईची मला लाज वाटायची. ती काही लाज नव्हती हे आज कळलं. लाज ही असते.

२३ ऑक्टोबर

कोठी आता बंद आहे. खाट काढून टाकली, बाहेरून कडी. तरी पडद्यावर ती खोली भरलेली दिसते. दिवा, पंखा चालूच. आठवड्याच्या उधळपट्टीच्या यादीत ती सर्वांत वर आली आहे. कुणी चादरी ठेवायला जात असेल. मी नोंगना पाठवलं.

ते म्हणाले आत कुणी नाही, पण दिवा जळत होता. पाल असेल. डोळा बदलून आले.

२८ ऑक्टोबर

नव्या डोळ्यालाही कुणीतरी दिसतंय. अखंड. सहा दिवसांत एकदाही दहा मिनिटं शांतता नाही. आत जे आहे ते क्षणभरही न थांबता हलतंय.

मी स्वतः गेले. दाराखालून उजेडाची रेघ दिसत होती. सकाळचे अकरा वाजले होते, वॉर्डात जेवणाची गाडी आली होती, कुणीतरी भातावरून भांडत होतं. कडी काढली. आत गेले. रिकामी खोली, भिंतीला टेकवलेलं स्टूल, मी उभी. आणि दिवा गेला.

मी हात हलवला. दिवा आला नाही. दोन्ही हात हलवले. बाहेर आले, दार लावलं. दाराखाली पुन्हा रेघ.

मी आत गेले की ते हलायचं थांबतं.

२ नोव्हेंबर

आज मृतांच्या स्मरणाचा दिवस, सगळे कबरस्तानात मेणबत्त्या घेऊन गेलेत. मी गेले नाही. आईची कबर तिकडे, समुद्रापलीकडे. जुवीची कुठे आहे हे मी विचारलेलं नाही.

नोंगना सहज विचारल्यासारखं विचारलं, संगणकातली नोंद गेली तर? ते म्हणाले, छतातल्या डबीला चाळीस दिवस आठवतं, मॅम, मग ती पुसून टाकते. मेलेल्या माणसासारखंच, चाळीस दिवस घुटमळायचं, मग जायचं. आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मी हसते का ते पाहत होते. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, टोपी काढून गेले.

म्हणजे डबीत सगळं आहे. वेळ मी केव्हा बदलली, परत केव्हा बदलली, तेही. १९ तारखेपर्यंत. काही न करता गप्प बसले की झालं.

हा विचार माझ्या मनात आला. तो मी लिहून ठेवतेय.

६ नोव्हेंबर

माझ्या कार्यालयातला दिवा मी बसलेली असताना जातो. हात हलवला की येतो. आज दोनदा हलवावा लागला. कॉलेजच्या जिन्यात लागलाच नाही. मागून एक मुलगी आली, तिच्यासाठी लागला. ती दचकली. सॉरी मॅम, तुम्ही दिसलाच नाहीत, म्हणाली.

पायांच्या बोटांना मुंग्या येतात. फार वेळ बसते म्हणून असेल.

९ नोव्हेंबर

जेवणघरात ताट घेऊन उभी होते. वाढणारी बाई माझ्या मागच्याला विचारत होती, तुला काय देऊ. मी बोलले तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिलं. मग, अगं बाई, मॅम!

दारात एक चप्पल पायातून निघाली. जिना चढून आल्यावर कळलं. पायाला कळलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

मारिविक तिची कपाटाची किल्ली परत द्यायला आली होती. गणवेशावरची नर्सची पिन हातात होती. मी तिला थांबवून म्हटलं, मारिविक, मला तुला काहीतरी — आणि दिवा गेला. ती हसली. म्हणाली, मॅम, तुमचं यंत्र तुम्हालाच ओळखत नाही. तिने हात हलवला, लगेच उजेड. मग म्हणाली, सांगा ना.

मी म्हटलं, काही नाही. काळजी घे.

गुडघ्यांपर्यंत मुंग्या.

१३ नोव्हेंबर

पत्र लिहायला घेतलं. चौकशी समितीला. ती वेळ मी बदलली होती, नोंदी मी पुसल्या, नर्स मारिविक आणि जुवीची आई या दोघींचा — इथवर आले आणि अंधार. हात. उजेड. एक ओळ. अंधार. मोजलं, तीन मिनिटं. मी तर दहा केली होती. पडद्यावर दहाच आहे.

खिडकीशी जाऊन उरलेलं लिहिलं. पण पुरावा नसेल तर कोण मानेल? डॉक्तोरा म्हणतील, मॅम एल्वी थकल्या आहेत. निळी निशाणं वर्तमानपत्रात छापून आली आहेत. डबी काढून पत्राबरोबर द्यायला हवी. नोंगना काढायला सांगितली असती, पण कशासाठी ते त्यांना सांगण्याचं धाडस — उद्या मीच काढेन.

१४ नोव्हेंबर

दुपार. अडीच वाजून गेलेत. कोठीत आहे.

वही, पत्र, स्क्रू काढायचं हत्यार बरोबर घेतलं. फोन टेबलावरच राहिला. आत आले, दिवा गेला. दारात स्टूल अडकवून उजेड ठेवायचा तर चढायला स्टूल नाही. दार आपोआप मिटलं. अंधारातच चढले. डबीला हात लागला. दोन स्क्रू निघाले. मग पायच नव्हते —

खाली पडले. कुठे दुखत नाही. पाय कुठे आहेत तेही कळत नाही. पडले तेव्हा दिवा लागला होता. त्या उजेडात एवढं लिहिलं. गेला.

आला. मी हलले नव्हते.

डबी तारेला लोंबतेय. हात पोचत नाही. हाक मारली. श्वास पुरत नाही, आवाज ओठांशीच राहतो. बाहेर पाळी बदलत असेल. बंद खोलीत कोण —

अंधार. चाचपत लिहितेय.

आवाज येतोय. रबराचा. दाबला, सुटला. दाबला, सुटला. मोजले. मिनिटाला बारा. माझ्याच श्वासाबरोबर. तो थांबला की माझाही —

उजेड. घाईने. पत्रावर सही राहिलीय. सहीशिवाय ते नुसता कागद. मारिविकची उद्या सकाळी — आणि नानायला कुणीतरी सांगा, हात मेला नव्हता. तिचा हात अजून

गेला

डावा हात गेला. उजवा आहे. वर होत नाही. पडद्यावर आत्ता लिहून येत असेल, खोली रिकामी. बचत. आई असती तर दारात थांबली असती. कुणी आहे का. एवढंच कुणी विचारलं तर —

जुवी. तू इथेच आहेस. वाटीला तू दिसतेस, मी नाही. सहीपुरता उजेड. तीन मिनिटंही नकोत. मी तुझ्यासाठी एक बटण लावलं नाही, मला माहीत आहे. तू का म्हणून. तरी मागते. एकदा हात हलव. माझ्यासाठी नको, तुझ्या आईसाठी. एकदाच, जुवी, हल जरा. तू नाहीच हलणार, मला दिसतंय तू डोळे उघडे ठेवून बघते आहेस आणि